खडकाखालचा डबा

फिजिक्सचे औंढेकर सर निवृत्त झाल्यावर घरात पोथी वाचत बसतील, नाहीतर चिक्कडपल्लीच्या लायब्ररीत पेपर चाळतील, असा हैदराबादेतल्या नल्लकुंट्यातल्या त्यांच्या गल्लीचा अंदाज होता. सरांनी दोन्ही केलं नाही. ते डबे हुडकायला लागले.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. खेळ तसा पोरकट म्हणावा इतका सोपा. कुणीतरी एक डबा रानात लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. दुसऱ्या कुणीतरी मोबाईल हातात धरून उन्हातान्हात तो शोधायचा, आतल्या वहीत आपलं नाव आणि तारीख लिहायची, आतली एखादी चिल्लर वस्तू घ्यायची, बदल्यात आपली एक ठेवायची आणि डबा होता तिथे ठेवून घरी यायचं. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. "चाळीस वर्षं ह्यांना कपाटातला स्वतःचा टॉवेल सापडला नाही," भारतीबाई येईल-जाईल त्याला सांगत, "आणि आता रानावनातले डबे बरे सापडतात!"

हे खूळ मूळचं मेघनाचं, त्यांच्या मुलीचं. लॉकडाऊन उठल्यावर तिनं घरात दोन गोष्टी आणल्या: हा खेळ आणि एक काळंकुळकुळीत पिल्लू. पिल्लाचं नाव गल्लीतल्या इस्त्रीवाल्यानं बबलू ठेवलं आणि तेच पडून गेलं. पुढं मेघनाला बंगळूरची नोकरी लागली, आणि खेळ अन् कुत्रा दोन्ही बापाच्या गळ्यात आले. सरांनी वरवर कुरकुर केली. आतून त्यांना बरंच वाटलं होतं.

चेवेळ्ळ्याच्या पुढं मोठा रस्ता सोडून आत वळलं की राळ्ळगुट्टा नावाचं लहानसं गाव आहे. गावाबाहेर तळं, तळ्यामागं हत्तीएवढाल्या खडकांची टेकडी, आणि टेकडीपलीकडं शिंदीचं बन. तीन वर्षांपूर्वी बापलेकीनं स्वतःचा पहिला डबा इथं लपवला. डबा भारतीबाईंचा, फराळाचा, स्टीलचा, त्यांना न विचारता उचललेला. आत वही, पेन्सिल, काचेच्या गोट्या, दोन कीचेन आणि बोटभर लांबीची एक कापडी बाहुली. वहीच्या पहिल्या पानावर सरांनी सुवाच्य अक्षरात खेळाचे नियम लिहिले, आणि तेही मराठीत. मेघना म्हणाली, "बाबा, इथं कोण मराठी वाचणारे?" सर म्हणाले, "एखादा तरी येईल की." एखादाही आला नव्हता. आले ते हायटेक सिटीतले तरुण, दोन जर्मन आणि एक नवपरिणीत जोडपं.

दर महिन्याला सर बबलूला घेऊन जायचे. गाडी मोठ्या रस्त्याच्या कडेला लावायची, पाच-सहा किलोमीटर बांधाबांधानं चालायचं, डब्याची ख्यालीखुशाली बघायची आणि मग शिंदीच्या बनात टेकायचं. तिथं ताडपत्रीच्या सावलीत चार बाकडी आणि मातीची मडकी होती. तेलुगूत शिंदीला कल्लू म्हणतात, म्हणून गावातले लोक त्याला कल्लूचं दुकान म्हणत. मेघना म्हणायची, "इंग्लंडात लोक असेच कुत्र्याला घेऊन दिवसभर चालतात आणि शेवटी पबमध्ये बसतात. हा आपला पब." औंढेकरांच्या सात पिढ्यांत कुणी शिंदीचा थेंब तोंडाला लावला नव्हता. सरांनी पहिला पेला औषध घेतात तसा घेतला, दुसरा मात्र आपण होऊन मागितला. भारतीबाईंना आजतागायत तिथं नारळपाणी मिळतं एवढंच माहीत होतं.

दुकान चालवायची गंगू. तिचा नवरा यादगिरी झाडावर चढून शिंदी उतरवायचा आणि गंगू ती विकायची. गंगू देगलूरकडची. दहा वर्षांपूर्वी लग्न होऊन या तेलुगू गावात आली, दोन लेकरं झाली, तेलुगू फाडफाड बोलायला शिकली. पण मराठी बोलायला तिला सरांशिवाय माणूस नव्हतं. सर आले की ती मडकं बाजूला ठेवायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. एकदा उठता उठता सर तिला म्हणाले होते, "गंगू, पावसाळ्यात जरा डब्याचं झाकण घट्ट आहे का बघत जा हं." कुणाला 'चहा टाक' म्हणावं इतक्या सहज म्हणाले, आणि विसरून गेले. गंगू विसरली नाही. सरांनी सांगितलेलं काम म्हणून ते तिनं मनावर घेतलं.

या हिवाळ्यात गुडघ्यानं दगा दिल्यामुळं सरांचं तीन महिने जाणं झालं नाही. जानेवारीत मेघनाचा फोन आला. "बाबा, राळ्ळगुट्ट्याचा डबा तिघांना सापडला नाही म्हणून लिहिलंय. जाऊन चेक करा ना. नाहीतर यादीतून काढून टाकतील." सरांनी गुडघ्याला पट्टा बांधला, दुसरा डबा, नवी वही आणि गोट्या पिशवीत घातल्या आणि सकाळी आठला निघाले.

ऊन कोवळं होतं. तळ्यावर बगळे होते, कापसाची शेवटची वेचणी चालली होती, आणि बबलू गाडीतून उतरल्यापासून दोरी ओढत पुढं पळत होता. बांधावर दोन बायका भेटल्या. एरवी त्या "बागुन्नारा सार?" म्हणून चौकशी करायच्या. आज त्यांनी सरांकडं पाहिलं, कुत्र्याकडं पाहिलं आणि पदर सावरून शेतात उतरल्या. सरांना वाटलं, कामात असतील.

टेकडीवर डब्याची जागा त्यांना डोळे मिटूनही सापडली असती. दोन खडक एकमेकांवर रेलले होते आणि खाली कपार होती. कपारीत डबा नव्हता. तिथं जाळलेल्या राखेचा काळा डाग होता, चार कापलेली लिंबं सुकून पडली होती, आणि खडकाला शेंदूर फासून मधोमध एक लोखंडी खिळा ठोकला होता. बबलूनं राख हुंगली, फुरफुरला आणि मागं सरला. सर चिडले. "आता यालाही देव करा," असं स्वतःशीच म्हणाले, फोटो काढून मेघनाला पाठवला आणि पब गाठायला निघाले.

पबमध्ये चिटपाखरू नव्हतं. बाकडी उलटी टाकलेली, मडकी पालथी. झोपडीच्या दारात एक पत्र्याची पेटी आणि गाठोडं बांधून ठेवलेलं, आणि त्याच्याशेजारी गंगू बसलेली. सरांना बघून ती उठली, पण पुढं आली नाही.

"सर, तिथंच थांबा. माज्या हातचं काई घेऊ नका. कुणी बघितलं तर तुमालाबी तरास हुईल."

"अगं, झालं काय?"

"तुमचा डबा, सर," ती म्हणाली, आणि मग तिथंच उभी राहून तिनं सगळं सांगितलं.

दिवाळीनंतरच्या अमावास्येला ती डबा बघायला गेली होती. अमावास्येला शेतातली कामं बंद, शिंदीलाही गिऱ्हाईक नाही, म्हणून ती नेहमी त्याच दिवशी जायची. तिथं गावातल्या मल्लय्याची नात, नऊ वर्षांची भाग्यलक्ष्मी, बकऱ्या घेऊन आली होती. पोरीला बाहुली आवडली. "म्या म्हणले, घे की माय. पन सरांचा नियम हाय, एक घेतलं तर एक ठिवावं लागतं. लेकरानं वेणीतली रिबन सोडून डब्यात ठिवली." आठव्या दिवशी पोरीला पहिला झटका आला. तोंडाला फेस, डोळे पांढरे. मग पुन्हा, मग पुन्हा. कुणाला तरी तिच्या उशीखाली परक्या घरची बाहुली सापडली. पोरीनं जागा दाखवली. डब्यात पोरीच्या केसांची रिबन, कुणाला वाचता न येणारं एक पान आणि पुढं चाळीस-पन्नास माणसांची नावं. आणि दर अमावास्येला त्या खडकाकडं जाताना कोण दिसतं, ते तर सगळ्या गावाला माहीत होतं.

"भानामती म्हणायलेत, सर. हितं त्याला चेतबडी म्हणतात."

दोन महिने तिच्या दुकानावर कुणी फिरकलं नव्हतं. यादगिरीनं उतरवलेली शिंदी आंबून जायची, ती ओतून द्यायची. देवळासमोर ओल्या लुगड्यानं उभी राहून तिनं शपथ घेतली होती, पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती. काही उपयोग झाला नाही. आता पंचांचं ठरलं होतं. उद्या तिचा भाऊ देगलूरहून न्यायला येणार होता, आणि लेकरं इथंच राहणार होती. असल्या बाईजवळ लेकरं नकोत, असं पंच म्हणाले होते.

"अगं, मग मला फोन नाही करायचा?" सर ओरडलेच.

गंगूनं त्यांच्याकडं पाहिलं. "नंबर तुमी दिला कुटं, सर?"

सरांच्या कानशिलांना चटका बसला. तीन वर्षं या बाईच्या बाकड्यावर बसून त्यांनी तिच्या माहेरच्या म्हशींची नावंसुद्धा ऐकली होती, तिला आपल्या कामाला लावलं होतं, आणि आपला नंबर द्यावा हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की माणूस घाई करतो. "चल," ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता चल. पाच मिनिटांचं काम आहे."

पस्तीस वर्षं वर्गावर काढलेल्या माणसाचा असा समज असतो, की नीट समजावून सांगितलं तर कुणालाही कळतं. शिवाय या विषयात सर नवखे नव्हते. तरुणपणी भानामतीच्या अफवांनी बिदरपासून नांदेडपर्यंत गावं हैराण झाली होती, तेव्हा कॉलेजातल्या चार मित्रांबरोबर सर गावोगाव हिंडले होते. मांत्रिक कसे फसवतात हे ते चावडीवर करून दाखवायचे. लोक टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या सरांच्या अजून कानात होत्या.

मल्लय्याच्या अंगणात बघता बघता पन्नास माणसं जमली. गंगू फाटकाबाहेर थांबली, तिला आत यायची मनाई होती. यादगिरी तिच्याशेजारी उभा राहिला. सबंध गावात तो एकटाच तिच्या बाजूचा होता, एवढं सरांच्या लक्षात आलं. सर अस्खलित तेलुगूत बोलले. डबा माझा, हा खेळ आहे, जगभर लाखो लोक खेळतात, गंगूचा यात काडीचा संबंध नाही. त्यांनी मोबाईलवर नकाशा उघडून दाखवला. हैदराबादभर हिरवे ठिपके पसरले होते, एकेक ठिपका म्हणजे एकेक डबा.

"इतक्या ठिकाणी?" एक म्हातारी छातीवर हात ठेवून म्हणाली, आणि अंगणात कुजबुज सुरू झाली.

मल्लय्या खाटेवर बसला होता. ऐंशीच्या घरातला, वाळलेला, थकलेला म्हातारा. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "डबा तुमचा?"

"माझा."

"टेकडी कुणाची?"

 टेकडी कुणाची असते हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

"ती आमच्या पोचम्मा देवीची, सार. तिथं काही ठेवायचं तर गावाला विचारायचं. तुम्ही कुणाला विचारलंत?"

"गंगूला सांगितलं होतं मी."

"म्हणजे तिला माहीत होतं," मल्लय्या म्हणाला. मागं कुणीतरी जोरात श्वास घेतला. ज्या वाक्यानं तिला सोडवायचं, त्यानंच आपण तिला आणखी अडकवलं, हे सरांना कळलं. पण वाक्य परत घेता येत नव्हतं.

"वहीत नावं कशाला?"

"जे जे आले त्यांनी लिहिली."

"त्यांचं सगळ्यांचं पुढं काय झालं?"

"काय व्हायचंय? आपापल्या घरी गेले!"

"तुम्ही बघितलंत?"

सरांनी त्यातल्या एकालाही उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. ते "नाही" म्हणाले. वर्गात कितीतरी मुलांना त्यांनी असं प्रश्नावर प्रश्न विचारून कोपऱ्यात घेतलं होतं. तिथं उभं राहिलं की काय होतं ते आज कळत होतं.

एवढ्यात भाग्यलक्ष्मी घरातून बाहेर आली. बारीक अंगाची, कपाळावर अंगाऱ्याचे पट्टे, दंडात तीन-तीन ताईत. अंगणात येऊन ती सरळ बबलूजवळ बसली आणि त्याचे कान खाजवू लागली. कुणी तरी ओरडलं, "काळा कुत्रा आहे, हात लावू नको!" पोरीनं हात काढला नाही. सर जरा खाली वाकले आणि म्हणाले, "तू तर नियम बरोबर पाळलास की. बाहुली घेतलीस, रिबन ठेवलीस." पोर हसली. आणि हसता हसताच तिची मान एका बाजूला ओढली गेली.

झटका दोन मिनिटांचा असेल. सरांनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला रुमाल दिला आणि नाकाशी चप्पल धरायला आलेल्या माणसाला मागं ढकललं. ही फिट आहे, याला गोळी असते, असं ते ओरडून सांगत होते, पण ऐकत कुणीच नव्हतं. सगळं अंगण फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गंगूकडं बघत होतं.

पोर शांत झाली, झोपी गेली. मग मल्लय्या खाटेवरून उतरला, आणि पस्तीस वर्षांत सरांना कुणी केला नव्हता असा नमस्कार त्यानं केला. कपाळ त्यांच्या बुटांवर टेकवलं. "सार, तुमच्या तोंडानं कबूल केलंत, डबा तुमचा. ज्यानं बांधलं त्यालाच सोडवता येतं. माझ्या पोरीला सोडवा. तुम्ही मागाल ते ऐकतो."

"उठा, उठा हो! अहो, मी काही बांधलेलंच नाही!"

"सोडवा, सार." म्हातारा रडत होता. त्याच्यात ढोंग नव्हतं. रागावावं असं त्याच्यात काहीच नव्हतं, आणि म्हणून सरांना काय करावं ते सुचेना.

गावातली आशा कार्यकर्ती शेजारी उभी होती. चाळिशीची, शहाणी बाई. ती हळूच म्हणाली, "सार, मी दोन महिने फिटच्या गोळ्या आणून देते. हे लोक गोठ्यात फेकतात. मांत्रिकानं गोळी बंद करायला सांगितली म्हणे. तुम्ही काहीतरी करा आणि गोळी घ्यायला सांगा. तुमचं ऐकतील. पोर वाचेल."

सरांनी फाटकाकडं पाहिलं. गंगू मान हलवत होती. नको, नको, असं ती मानेनंच सांगत होती. सरांना वाटलं, घाबरलीय बिचारी; तिला कुठं कळतंय की तिची सुटका आता एका हातावर आली आहे. खरं म्हणजे तेव्हा त्या गर्दीत नीट विचार करणारी तेवढी एकच होती.

"तीन अटी," सर म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. "गंगू इथंच राहील. लेकरं तिच्याजवळ राहतील. आणि पोरीला सकाळ-संध्याकाळ गोळी द्यायची, डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत. एक गोळी चुकली तर उतारा फुकट जाईल."

मल्लय्यानं तिन्ही कबूल केल्या.

सरांनी परात मागितली, पाणी मागितलं, हळद आणि लिंबू मागितलं. एकाच्या पानाच्या बटव्यातून चुना घेतला. हळदीच्या पाण्यात चुना कालवला की ते रक्तासारखं लाल होतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. दृष्ट काढायला त्या तेच करतात. पण त्या लाल पाण्यात लिंबू पिळलं की ते पुन्हा पिवळं होतं, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी सर हाच प्रयोग चावडीवर करायचे आणि शेवटी म्हणायचे, 'बघा, यात चमत्कार नाही, हे साधं रसायनशास्त्र आहे.' आज ते शेवटचं वाक्य तेवढं गाळायचं होतं.

मंत्र म्हणून काहीतरी पुटपुटायला हवं होतं. देवाचं नाव घेणं सरांना चोरीसारखं वाटलं. त्यांनी ओठातल्या ओठात मूलद्रव्यांची यादी म्हटली, हायड्रोजनपासून सुरुवात करून कॅल्शियमपर्यंत. लाल परात झोपलेल्या पोरीवरून तीनदा ओवाळली आणि लिंबू पिळलं. पाणी लालाचं पिवळं झालं. अंगणातून "अम्मा!" असा एकच आवाज उठला. बायकांनी हात जोडले. 

मल्लय्यानं फाटक स्वतः उघडलं. पंच म्हणाले, बाई राहू दे. कुणीतरी तिच्या लेकरांना आणायला पळालं. निघताना म्हातारा सरांचा हात धरून म्हणाला, "सार, ती तुमची शिष्या. तुमचा शब्द ती मोडणार नाही. एवढं तिला सांगून ठेवा, यापुढं कुणावर काही करू नको."

सर "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

सर आणि गंगू बनात परत आले. गंगूनं एक बाकडं सरळ केलं, सर बसले. तिनं मडक्यातली शिंदी पेल्यात ओतली आणि त्यांच्यासमोर ठेवली. यादगिरी मागं राहिला होता. लेकरांना घेऊन तो बनाच्या कडेला थांबला, झोपडीपर्यंत आला नाही. धाकटी "अम्मा" म्हणून धावायला लागली, तशी त्यानं तिचा दंड धरला.

"सुटलीस गं," सर म्हणाले. "पेटी सोड आता. उद्या भावाला सांग, परत जा म्हणून."

गंगू खाली बसली. "सर, दोन महिने म्या नाही म्हणत होते. देवापुढं नाही म्हणले, पोराच्या डोक्यावर हात ठिवून नाही म्हणले. सगळं गाव एकीकडं, आन हे माणूस माज्या बाजूनं." तिनं मानेनंच यादगिरीकडं दाखवलं. "हे म्हणायचे, असलं काई नसतंयच. बाहीर भांडून यायचे माज्यासाठी. आज त्यानं तुमचं पाणी लालाचं पिवळं झालेलं बघितलं."

सरांनी यादगिरीकडं पाहिलं. तो गंगूकडं बघत होता, पोरीचा दंड त्यानं सोडला नव्हता.

"मी त्याला समजावतो," सर घाईनं उठत म्हणाले. "ते चुना आणि लिंबाचं असतं. आम्लानं... मी आत्ता करून दाखवतो त्याला."

"काय म्हणून दाखवताव? गावाला फशिवलं म्हणून? मग गोळी थांबल, सर. पोरगी मरल."

सर पुन्हा बसले. ती म्हणत होती ते खरं होतं. पोरीची गोळी चालू राहायची तर उतारा खरा राहायला हवा होता, आणि उतारा खरा तर गंगूची करणीही खरी. हा हिशोब त्यांनी अंगणात केलाच नव्हता. पेला तसाच राहिला. बबलू बाकड्याखाली आडवा पडला.

थोड्या वेळानं झाडांआडून एक बाई आली. सकाळी बांधावर भेटलेल्या दोघींपैकी एक. सरांना तिनं वाकून नमस्कार केला आणि गंगूपुढं उकिडवी बसली. ओच्यातून काढून तिनं पाच लिंबं आणि एक काळा दोरा गंगूच्या पायाशी ठेवला. मग हात जोडून, हळू आवाजात, ती तेलुगूत बोलू लागली. नवऱ्यानं ठेवलेल्या बाईविषयी, तिचं गाव, तिचं नाव. बोलता बोलता रडू लागली. सरांना एकूण एक शब्द कळत होता.

गंगूनं ऐकून घेतलं. मग सरांकडं वळून, फक्त त्यांनाच कळेल अशा त्यांच्या मराठीत, तिनं विचारलं, "करत नाही म्हणले, तर रागावली म्हणतील, आन उद्या हिच्या घरी कुणाला ताप आला तर माज्यावर येईल. करते म्हणले, तर मग म्या तीच झाले. तुमीच सांगा सर, हिला काय सांगू?"

बाई हात जोडून थांबली होती, आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडं बघत.